न केलेले अपील

परवा दिल्लीत आमच्या कचेरीतील दोन संघांत क्रिकेटचा सामना झाला. साहेब फलंदाजी करीत होते. आमच्या शाखेतील शिपायाचा एक सुरेख चेंडू त्यांच्या बॅटीची कड घेऊन माझ्या हातांत विसावला. मी यष्टिरक्षक, पण अपील ओठांतच विरले. शिपायाने माझ्याकडे पाहिले, आणि तोही मुकाट्याने मागे वळला.

रात्री बाळू पालवणकर आठवले. जातीमुळे या थोर गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद लाभले नाही; १९२३ मध्ये ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. धर्मवार संघांचे मुंबईतील ते सामने १९४६ मध्ये संपले. प्रांतवार रणजी करंडक उरला. धर्माचे जोखड मैदानाने असे उतरवून ठेवले. हुद्द्याचे मात्र मी स्वतःच तेथे वाहून नेले होते.