दाढेचे कारण

दिवाळीला आठ दिवस होते. चकलीचा पहिला घाणा उतरला आणि चव बघण्याचे काम नेहमीप्रमाणे मी अंगावर घेतले. पहिल्याच घासाला डाव्या दाढेतून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले!

ही दाढ दोन वर्षे कुरकुरत होती. लवंगेचे तेल आणि मिठाच्या गुळण्या यांवर मी तिची बोळवण करीत आलो होतो. या वेळी मात्र हिने मला थेट दंतवैद्याकडे नेऊन बसवले.

"काढून टाका," खुर्चीत बसताच मी भाडेकरूला घर खाली करायला सांगावे तसे म्हणालो.

डॉक्टर हसले. "काका, दात काढायला लागण्याची मुख्य कारणे दोन. एक कीड आणि दुसरे हिरड्यांचा रोग. कुणाच्या अक्कलदाढेला जागा नसते, तर कुणाचे वाकडे दात सरळ करण्यासाठी एखादा चांगला दातही काढावा लागतो. पण कीड वेळेवर दाखवली तर दात भरता येतो. ती आत नसेपर्यंत पोचली तरी रूट कॅनाल करून तो पुष्कळदा वाचतो. लहान मुलांचेच पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडलेला नसतो. आईबापांना वाटते, हीही दुधाचीच, पडणारच आहे! आणि ती किडते."

"म्हणजे खरे कारण उशीर?"

"उशीर, भीती आणि खर्च. आमच्याकडे लोक दात घेऊन येतात, पण निर्णय बहुधा घरूनच करून आलेले असतात."

मी गप्प झालो. मला आई आठवली.

1984 साली तिची दाढ दुखू लागली. दाढ वाचेल, पण चार-पाच खेपा घालाव्या लागतील, असे दंतवैद्य म्हणाले होते. खर्चाचा आकडा ऐकून आई म्हणाली, "या वयात कशाला रे? काढून टाकू." मी नुकताच मिळवता झालो होतो. "बरं," म्हणालो. त्याच महिन्यात आम्ही टीव्ही घेतला.

मग तो रिवाजच पडला. दात दुखला, की काढायचा. शेवटी कवळी आली. तीही तिला कधी नीट बसली नाही. दर दिवाळीला ती घरादारासाठी चकल्या तळायची आणि स्वतःची चहात भिजवून खायची. "मला अशीच आवडते," म्हणायची. आम्ही ते खरे मानले. खरे मानणे सोयीचे होते.

"डॉक्टर, ही वाचेल का?" मी विचारले.

त्यांनी क्ष-किरण फोटो काढून पाहिला. "वाचेल. तीन खेपा घालाव्या लागतील."

"घालीन."

त्या संध्याकाळी बधिरपणा उतरल्यावर मी एक चकली चहात बुडवून खाल्ली. मुळीच चांगली लागत नाही.