परतीचा पेंढा

प्रवासाचे सामान बांधण्याचे खाते आमच्या घरी माझ्याकडे आहे. त्याचा मला थोडा अभिमानही आहे. प्रवास दोन दिवसांचा असो की वीस दिवसांचा, मी आधी यादी करतो, यादीचे भाग पाडतो, भागांचे पोटभाग पाडतो. वर्गात अलंकारांचे पोटप्रकार शिकवून शिकवून जडलेली ही खोड असावी. सौभाग्यवतींचे मत मात्र असे, की माझ्या यादीत सगळे असते, फक्त ऐन वेळी लागणारी वस्तू तेवढी नसते. असो.

तर 2025 सालच्या जानेवारीत शहापूरहून मामांचा फोन आला. "पुनवेला म्हशाला गाडी जुपतोय. येतोस का? लहानपणी रडायचास बघ न्यायला."

म्हसा हे मुरबाड तालुक्यातले गाव. तिथे खांबलिंगेश्वराचे देऊळ आहे आणि पौषी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. घोंगड्या, टोपल्या, सुपे, मिठाई, पाळणे हे सारे तिथे असतेच. पण जत्रेचा खरा मान बैलबाजाराचा. पूर्वी आसपासच्या तालुक्यांतून बैलगाड्यांच्या रांगाच्या रांगा म्हशाकडे लागत. माणसे बिऱ्हाडानिशी येत, गाडीखाली चूल मांडत आणि चार दिवस राहून वर्षाची खरेदी करून परतत. आता लोक टेम्पोतून, मोटारसायकलवरून येतात. मामांनी गाडी जुपायची म्हणजे नवलच होते.

त्या वर्षी पौर्णिमा होती सोमवारी, 13 जानेवारीला. त्याच दिवशी तिकडे प्रयागला कुंभमेळा सुरू व्हायचा होता आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली, यादी केली आणि गुरुवारी संध्याकाळीच आसनगाव स्टेशनवर उतरलो. पाठीवर पिशवी, हातात चाकांची बॅग. त्या बॅगेत झोपण्याची पिशवी, घडीची खुर्ची, फोन भारण्याची पेटी, पाण्याच्या बारा बाटल्या, औषधांचा डबा आणि दोन पुस्तके.

मामांचे घर माहुलीच्या पायथ्याकडे आहे. हा तोच किल्ला, जिथे 1636 साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे निजामशाही वाचवण्याचा शेवटचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. अंगणातून त्याचे सुळके स्वच्छ दिसतात. पण त्या संध्याकाळी माझे लक्ष सुळक्यांकडे गेले नाही. अंगणात गाडी उलगडून पडली होती. जू एकीकडे, दांडी एकीकडे आणि दोन्ही चाके पाण्याच्या डबक्यात आडवी.

"मामा, चाके भिजताहेत!"

"भिजू देत. त्यासाठीच तर ठेवलीत."

मग मला धडा मिळाला. लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवतात ती तापवून. गरम असताना ती पसरते, चढवल्यावर पाणी ओतले की आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांना करकचून धरते. पण पाऊस सरून हिवाळा लागला, की लाकूड सुकून आकसते आणि धाव खुळखुळू लागते. अशी गाडी लांब नेली तर वाटेत धाव निखळायची. म्हणून रात्रभर चाक पाण्यात ठेवायचे. लाकूड फुगते आणि पुन्हा घट्ट होते. एवढे पदार्थविज्ञान मी कॉलेजात शिकलो असतो, तर कदाचित मराठीकडे वळलोही नसतो.

शुक्रवारचा दिवस तयारीत गेला. सकाळी नालबंद आला. घोड्याच्या पायाला एक नाल लागते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याच्या प्रत्येक पायाला दोन पत्र्या. एका बैलाला आठ, जोडीला सोळा. डांबरी रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर चालायचे, तर हे चुकत नाही. मोटारीला हे अंतर दीड तासाचे, बैलांना दोन दिवसांचे.

बैल होते बांड्या आणि पवळ्या. दोघेही डांगी जातीचे. ठाणे, नाशिक, अकोले या डोंगरपट्ट्यात ही जात मुद्दाम राखलेली. तिच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, त्यामुळे मुसळधार पावसात दिवसभर चिखलणी करूनही हा बैल थंडीने आखडत नाही. मामांनी दोघांच्या शिंगांना तेल लावले, वेसणी बदलल्या, कासरे ओढून पाहिले. पवळ्याच्या मानेवरून हात फिरवताना ते जरा जास्तच रेंगाळले. मला त्या वेळी त्यात काही वेगळे वाटले नाही.

दुपारी आखाला वंगण घातले आणि गाडी भरायला घेतली. इथे माझ्या यादीचे शास्त्र कामाला येईल, असे मला वाटले होते. मी बॅग उचलून मागच्या कडेला ठेवली. मामांनी ती शांतपणे खाली काढली.

"गाडी उलाळ होईल."

मागे भार जास्त झाला, की गाडी उलाळ होते. दांडी वर उचलली जाते आणि जुवाचे जोते बैलांच्या गळ्याला फास लावते. पुढे भार जास्त झाला, की ती धुरजड होते. मग जू मानेवर दाबते, कातडे सोलते, खांदा येतो. म्हणून जड सामान आखाच्या बरोबर वर, त्याच्या किंचित पुढे दुसऱ्या नंबरचे जड, हलके टोकांना. भरून झाले की मामा दांडी एका हाताने उचलून पाहतात. ती उचलली जावी, पण आपणहून उठू नये.

मला माझ्या अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याचे पत्र आठवले. तिकडे लोक मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून हजारो मैल भटकतात. त्यानेही तसे घर घेतले आणि पहिला धडा गिरवला तो हाच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या आकड्यावर पडला पाहिजे. कमी पडला तर मागचे घर वेगात हेलकावे खाऊ लागते आणि मोटारीलाही घेऊन कोसळते. मी हे मामांना सांगितले. ते म्हणाले, "मग शहाणे आहेत की तिकडचे. पण त्यांच्या मोटारीला खांदा येत नाही. चुकलं तर कळायला उशीर होतो."

मामींनी दिलेले सामान असे: तांदळाच्या भाकरी, लसणाची चटणी, भाजलेले सुके बोंबील, वालाच्या डाळिंब्या, तांदूळ, मीठ-मसाल्याचा डबा, एक पातेले, एक तवा, तिळगूळ. दोन घोंगड्या, कंदील, कोयता, हातोडी, जास्तीची शिवळ, नाडा, बैलांना पाणी पाजायची बादली, भाताचा कोंडा आणि पेंड. पाण्याला मात्र एकच कळशी. बारा बाटल्या पाहून मामी हसल्या. "भाऊ, अख्ख्या मुंबईला आपला तालुका पाणी पाजतो, अन् तू मुंबईकडून पाणी घेऊन आलास!" तानसा, मोडकसागर, भातसा ही सारी धरणे शहापूर तालुक्याच्या आसऱ्याने उभी आहेत. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, हेही मामींना ठाऊक होते. त्या हसल्या, एवढेच.

माझी घडीची खुर्ची, बाटल्या, पुस्तके घरी राहिली. फोन भारण्याची पेटी तेवढी मामांनी कौतुकाने ठेवून घेतली.

शेवटी पेंढा आला. मामा भारे चढवत होते आणि मी मोजत होतो. मोजण्याची खोड जात नाही. जायच्या दोन दिवसांचे, बाजारातल्या एका दिवसाचे. मग मामा हात झटकून उभे राहिले.

"मामा, आणि परतीचा?"

मामा काही बोलले नाहीत. मामी दारात होत्या. त्या आत गेल्या. मला एकदम सगळे कळले आणि माझ्या मोजण्याची मला लाज वाटली.

मामांचे वय सत्तरीला आलेले. गुडघे धरतात. मुलगा भिवंडीकडे गोदामात कामाला. भाताची खाचरे आता भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरतात. बैलांना चारायला न्यायला माणूस नाही. यात कोणाचाच दोष नव्हता. विकायचेच, तर दारात आलेल्या दलालाला विकायचे नाहीत. म्हशाच्या बाजारात, चार शेतकऱ्यांच्या देखत, चालते-ओढते दाखवून विकायचे, एवढाच मामांचा हट्ट. गाडी जुपण्याचे कारण ते होते.

शनिवारी पहाटे निघताना पाहिले, तर पेंढ्याच्या ढिगावर दोन भारे जास्तीचे होते. कोणी चढवले, हे विचारायचे कारण नव्हते. मामांनी दांडी उचलून पाहिली, पुढचा तवा थोडा मागे सरकवला आणि गाडी हाकली.

वाटेचे वर्णन लांबवत नाही. सापगावला भातसेचा पूल, मग किन्हवली, सरळगावला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मुरबाड आणि संध्याकाळी म्हसा. उजवीकडून टेम्पो भोंगे वाजवत जात. मुरबाडच्या पूर्वेला नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण बंदराचा माल त्या घाटाने जुन्नरला चढे. त्या तांड्यांतले बैलही कोणीतरी असेच भार तोलून लादले असतील, असे मनात येत होते. आता याच शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्यावर बैलगाडीला मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे.

सोमवारी दुपारी गिऱ्हाईक जमले. कर्जतकडचा एक तरणा शेतकरी, भात लावणारा, डोंगरउताराची खाचरे असलेला. "आमच्याकडे ट्रॅक्टर वळत नाही, बाबा," तो म्हणाला. रुमालाखाली बोटांनी भाव झाला. मामांनी मागितले त्यापेक्षा कमी घेतले. पैसे न मोजताच खिशात टाकले आणि गाडीवरून ते दोन भारे काढून त्याच्या खांद्यावर दिले. "चार दिवस हा घाल. एकदम चारा बदलला तर तोंड लावत नाहीत. पवळ्या उजवीकडे जुप. डावीकडे अडतो."

मामींनी ते भारे परतीसाठी चढवले होते की याचसाठी, हे मी अजून विचारलेले नाही.

गाडी घरी कशी न्यायची, हा प्रश्न उरला. शेजारच्या गावचा एक ट्रॅक्टर रिकामा परतत होता. त्याच्या मागे दांडी साखळीने बांधली. थोडे अंतर जाताच गाडी डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागली. मामांनी ट्रॅक्टर थांबवायला लावला, उतरून पाहिले आणि मला म्हणाले, "उलाळ झालीय. पेंढा संपला ना. तू पुढे धुरेवर येऊन बस."

मी जाऊन बसलो. गाडी सरळ चालू लागली. मुरबाड, सरळगाव, किन्हवली मागे पडली. थंडी होती, एक घोंगडी मामांनी माझ्यावर टाकली. रिकामे जू माझ्या पायाशी होते आणि त्याला अजून बैलांच्या मानेचा वास येत होता.

अंगणात गाडी उभी राहिली, तेव्हा मामी कंदील घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिले नाही. गाडीच्या मागे जाऊन पेंढ्याची जागा तेवढी चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "हातपाय धुवा. भाकरी गरम आहे."