आबाजींची शिट्टी

आमच्या घरी एक पितळी शिट्टी होती. बोटाएवढी लांब, एका टोकाला बंद, दुसरीकडे निमुळती. खालचा ओठ तोंडाशी टेकवून फुंकली की असा धारदार आवाज निघायचा की बोडीपलीकडच्या बांधीतला माणूस वळून पाहायचा. ती मुळात शिट्टी नाही, काडतुसाचे रिकामे टरफल आहे, एवढे घरात सगळ्यांना ठाऊक होते. कुठल्या काडतुसाचे, हे विचारायचे मला सुचले ते आबाजी गेल्यावर अकरा वर्षांनी.

ओळखले आमच्या शेजारच्या काकांनी. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला माणूस, घरात व्हर्नियर बाळगणारा. त्यांनी मापे घेतली. लांबी जवळपास सव्वासात सेंटिमीटर, तोंडाचा आतला व्यास साडेनऊ मिलिमीटर. बुडाशी पितळेचाच जाड पट्टा, कंबरेला करगोटा बांधावा तसा. झिजलेल्या बुडावर ‘३७५’ हे आकडे भिंगाखाली दिसले. काका म्हणाले, “हे लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचं. पॉइंट तीनशे पंचाहत्तर मॅग्नम. १९१२ सालचं डिझाइन.”

मग ते रंगात आले. या टरफलाचा खांदा इतका उतरता का? कारण त्या काळी आत कॉर्डाइट भरत. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज मिसळून केलेल्या, शेवयांसारख्या लांब काड्या. उतरत्या, निमुळत्या टरफलात त्या भरायला सोप्या. पण खांदा असा घसरता असला की काडतूस बंदुकीच्या घरात नेमके कुठे टेकायचे हा प्रश्न येतो, म्हणून बुडाशी तो पट्टा. शिवाय कॉर्डाइट उन्हाने चिडते. भर मे महिन्यात आपल्याकडे नळीतला दाब भलताच वाढायचा, म्हणून टरफल मोठे ठेवून दाब बेताचा राखला. गोळी तीनशे ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅम, आणि वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या वर. आफ्रिकेत हत्ती आणि रानम्हशींसाठी हे काडतूस आजही वापरतात.

ते आमच्या कवेलूच्या घरात आले कसे, ते मात्र मला ठाऊक होते.

आमचे गाव साकोलीकडचे, नागझिऱ्याच्या अंगाला. नागझिरा अभयारण्य झाले १९७० साली, आणि १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर ते जंगल तिकडे गेले. पण ही गोष्ट त्याआधीची, भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हाची. परवाने काढून शिकारी यायचे आणि हाक्याला गावची माणसे न्यायचे. आबाजी तेव्हा विशीतले. हातात टीन आणि काठी, रांगेत चालायचे, बोंब मारायची, जनावर मचाणाकडे लोटायचे. बंदूक मचाणावर. जमिनीवर फक्त टीन.

त्या वर्षी एका पाहुण्याने गव्यावर गोळी झाडली. त्याच्याकडे .३१५ ची रायफल होती. इंग्रजांनी फौजेचे .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून ते बंद ठेवले, त्यामुळे आपल्याकडे .३१५ चे प्रस्थ वाढले. सांबराला, डुकराला ती पुष्कळ. पण मोठा नर गवा आठशे-नऊशे किलोंचा असतो. खांद्याच्या मांसातच मऊ टोकाची गोळी पसरून थांबते, आत काळजापर्यंत पोचत नाही. गवा पडला नाही. रक्त सांडत बांबूत शिरला.

जखमी जनावर मागे ठेवायचे नाही, हा शिकारीचा नियम. रक्ताचा माग काढायला पुढे कोण? ज्याला जंगल कळते तो. आबाजी पुढे होते. गवा माग मोडून, वळसा घेऊन बांबूत उभा होता. आबाजींच्या मांडीचे हाड तीन ठिकाणी मोडले. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने दुसरी रायफल आणली आणि एका गोळीत गवा बसवला. ते टरफल कुणीतरी खाटेवर पडलेल्या आबाजींच्या हातात आणून दिले. दहा रुपयेही दिले.

आबाजी पुढे पन्नास वर्षे लंगडत चालले. आम्ही शिट्टी मागितली की ती हातात देताना म्हणायचे, “पयल्या दिसी ह्या गोरीनं मारला असता, त माजा पाय सीदा रायला असता.” मी एकदा विचारले होते, त्या पाहुण्याचा राग नाही येत? तर म्हणाले, “सायबाचा का दोस? बंदुकीतच जोर नोता.”

मला हा हिशेब कधीच पटला नाही. हातातल्या बंदुकीत किती जोर आहे हे तिच्या मालकाला माहीत असायला नको? वाकडा नेम धरून झाडायची घाई कुणाची होती? काकांनी मला वाचायला दिलेल्या इंग्रजी पुस्तकांत या काडतुसावर पानेच्या पाने आहेत. धक्का खांद्याला किती बसतो, सपाट कुठवर जाते, सिंहाला पुरते की नाही. शिकाऱ्याच्या खांद्याची इतकी काळजी! रक्ताच्या मागावर सगळ्यांत पुढे चालणाऱ्याची मांडी त्यात कुठे नाही. आणि तरी खरे सांगायचे, तर मोठे काडतूस असावे अशी सर्वांत जास्त गरज त्या मांडीलाच होती. आबाजी बंदुकीला कधी शिवले नाहीत, पण तिच्या जोराचा विचार त्यांच्याइतका कुणी केला नसेल.

मी टरफल भंडाऱ्याला कपाटात ठेवले होते, कापसात गुंडाळून. मागच्या दिवाळीआधी गावाकडचा चुलतभाऊ आला. धान लोंबीवर आले होते आणि रोज रात्री डुकरांचा कळप बांधीत घुसत होता. दोन वेळा तर गवेही येऊन गेले. रात्री चार जण मिळून धुऱ्यावर फिरतात, टीन वाजवतात. त्याने टरफल कापसातून काढले, ओठाशी नेले, फुंकले. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू खिडकीत आले.

“टिनाच्या आवाजाला आता डुकरं भीत नाहीत,” तो म्हणाला. “हे नेऊ का?”

“गवा दिसला तर फुंकायचं नाही, मागं फिरायचं,” मी म्हटले.

“हो, दादा.”

शिट्टी सध्या त्याच्याकडेच आहे.