व्यालोनेचं वळण

मिलानच्या पोर्ता गारिबाल्दी स्थानकापासून मोन्युमेंताले दफनभूमी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोंझाची गाडी याच स्थानकातून मिळते, म्हणून आधी शर्यतपटू आस्कारी बापलेकांना भेटायला आले. दोघं शेजारी शेजारी विसावले आहेत. आंतोनिओ, १८८८ ते १९२५. आल्बेर्तो, १९१८ ते १९५५. दोघंही गाडी चालवताना गेले, दोघंही छत्तीस वर्षांचे, दोघंही महिन्याच्या २६ तारखेला.

मोंझाला उतरून राजवाड्यामागच्या प्रचंड उद्यानात शिरलं, की झाडांच्या सावलीत सायकली आणि बाबागाड्या दिसतात. याच झाडीत १९२२ साली अवघ्या ११० दिवसांत शर्यतीचा ट्रॅक उभा राहिला. १९२४ ची इटालियन ग्रां प्री आंतोनिओनं इथे आल्फा रोमिओ पी-२ मध्ये जिंकली. पुढच्या जुलैत पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर तो आघाडीवर असतानाच गेला. आल्बेर्तोला सातवं वर्ष पूर्ण होऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते.

आणि तरीही तो याच वाटेला लागला. आधी मोटारसायकली, मग १९४० साली ब्रेशाच्या शर्यतीत एन्झो फेरारीनं बांधलेली पहिली गाडी, युद्धानंतर थोरल्या भावासारख्या लुइजी व्हिलोरेझीची सोबत. १९५२ मध्ये जागतिक स्पर्धेच्या युरोपातल्या ज्या सहा शर्यतींत तो उतरला, त्या सहाही त्यानं जिंकल्या. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही विश्वविजेता तोच.

पण मला त्या विजयांपेक्षा त्याची धास्ती जास्त जवळची वाटते. काळं मांजर आडवं गेलं की तो रस्ता बदलायचा. आपल्या फिकट निळ्या हेल्मेटला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. एन्झो फेरारीनं एक आठवण लिहून ठेवली आहे: आल्बेर्तो आपल्या दोन मुलांशी मुद्दाम कडक वागायचा. त्यांनी आपल्यावर फार जीव लावू नये, म्हणजे आपण गेलो तर त्यांना कमी सोसावं लागेल, असं त्याला वाटे. बाप गमावलेल्या सात वर्षांच्या मुलानंच मोठेपणी हा हिशेब मांडला असणार.

दफनभूमीतल्या तारखा वहीत उतरवल्या होत्या. गाडीत बसून दिवस मोजले. आंतोनिओ १३,४६२ दिवस जगला. आल्बेर्तोचे तेवढेच दिवस भरले ते २२ मे १९५५ ला. त्या दिवशी तो मोनाकोच्या शर्यतीत होता. आघाडीची गाडी बंद पडली, पहिला क्रमांक त्याच्या हाती येणार, तेवढ्यात त्याची लान्चा डी-५० वळणावर सुटली आणि थेट बंदरात पडली. तो पाण्यातून वर आला, पोहला, वाचला. नाकाला तेवढी दुखापत.

चौथ्या दिवशी तो मोंझाला आला, तोही नुसता बघायला. तरुण सहकारी एउजेनिओ कास्तेलोत्ती फेरारी ७५० मोंझाची चाचणी घेत होता. मीही चार फेऱ्या मारून बघतो, असं म्हणून आल्बेर्तो गाडीत बसला. अंगात जाकीट, गळ्यात टाय. निळं हेल्मेट दुरुस्तीला गेलेलं, म्हणून त्यानं कास्तेलोत्तीचं घातलं. एवढा जपून जगणारा माणूस त्या एका दुपारी आपलेच सगळे नेम बाजूला ठेवतो, हे मला अजून पचत नाही. तिसऱ्या फेरीत व्यालोनेच्या वेगवान डाव्या वळणावर गाडी उलटली. दोनच महिन्यांत त्याच्या संघानं, लान्चानं, आपल्या शर्यतीच्या गाड्या फेरारीच्या हवाली केल्या.

मी कुंपणाशी बराच वेळ उभी होते. ते जुनं वळण आता तसं राहिलेलं नाही. १९७२ मध्ये तिथे वेग तोडण्यासाठी नागमोडी वळणं घातली गेली. त्यांना आता आस्कारीचं नाव आहे, आणि तिथे आल्यावर प्रत्येक गाडीला ब्रेक लावावाच लागतो.