पाठमोरी जोडपी

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका ट्रॅव्हल एजंटाने नवी पाटी लावली आहे. वर ठळक अक्षरांत ‘कपल पॅकेज’, खाली दुबई, बाकू, सिंगापूर, पॅरिस अशी गावं आणि त्यांचे दर. चित्र आयफेल टॉवरचं. त्याच्यासमोर एक जोडपं उभं आहे, पाठमोरं. चक्कीवरून दळण घेऊन येताना माझी नजर दरांवर न जाता त्या दोन पाठींवरच जाते. मग मी इतर जाहिरातींमधली जोडपीही पाहायला लागले. समुद्र असो, बर्फ असो, मनोरा असो, बहुतेक ठिकाणी पाठीच. बघणाऱ्याने आपला चेहरा तिथे कल्पावा म्हणून हे करत असतील. मला खटकतं ते वेगळंच. ही दोघं कधी एकमेकांकडे बघत नाहीत.

इंदूरहून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उडालं ते २०१९च्या जुलैमध्ये, दुबईला. त्याआधी परदेश म्हणजे आधी मुंबई किंवा दिल्ली गाठायची, मग पुढचं. आता आमच्या गंजातली नवी लग्नं झालेली मुलं-मुली शुक्रवारी रात्री बॅगा चाकांवर ओढत निघतात आणि सोमवारी पोह्यांच्या गाडीवर पुन्हा दिसतात. मला ही मुलं फार आवडतात. आईबाबांच्या पिढीत जोडीनं बाहेर पडणं म्हणजे मांडू. सकाळी धारच्या रस्त्याने बस, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, जहाज महालासमोर एक फोटो, आणि सोबत हमखास एखादी आत्या. रूपमती मंडपातून खाली नर्मदेची रेघ दिसते का, हे आत्याच आधी बघणार. त्या फोटोत आई-बाबांच्या मधे दोन माणसं आहेत.

आमचं पॅरिस मात्र दोघांचंच होतं. त्याच २०१९ सालचा पानगळीचा मोसम. नवऱ्याचं लंडनला कामाचं काही होतं, मागोमाग मीही गेले, आणि शनिवार-रविवार धरून आम्ही समुद्राखालून जाणाऱ्या रेल्वेने पॅरिसला उतरलो. सासूबाईंचा फोन आला, “दोन दिवसांत काय बघून होणार गं? आता गेलाच आहात तर नीट सगळं बघून या.” मी म्हटलं, “हो आई.” पण सगळं बघायचं नव्हतंच. माझं मत असं, की जोडीनं जायचं तर थोडक्या दिवसांसाठीच जावं. लांबलचक सहलीत याद्या शिरतात, कुणासाठी काय आणायचं ते शिरतं, आणि माणसं एकमेकांची सहप्रवासी होऊन जातात.

घराबाहेर आम्ही कधी हातात हात घेऊन चाललो नव्हतो. स्नेहलतागंजात तो दोन पावलं पुढे असतो, मी पिशवी घेऊन मागे. यात रुसण्यासारखं काही नाही. भाजीवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचे काका, सगळे ओळखीचे. प्रत्येकाला मान डोलवायची असते, त्यासाठी हात मोकळे लागतात. रिव्होली रस्त्याच्या कमानींखालून चालताना त्याने माझा हात धरला आणि मला आधी आजूबाजूला पाहावंसं वाटलं. कुणीही पाहत नव्हतं. ज्याला आपण शहराचं सौंदर्य म्हणतो त्यातला बराच भाग हा असतो: तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही.

त्याच रस्त्यावर लूव्रच्या एका अंगाला सजावटी कलांचं संग्रहालय आहे. नवऱ्याने मला काही न सांगता तिकिटं काढून ठेवली होती. आत शिरले आणि थबकले. प्रदर्शन आमच्या महाराजांचं होतं. यशवंतराव होळकर, दुसरे. पॅरिसमध्ये येऊन आम्ही माणिकबाग बघत होतो.

इंदूरकराला माणिकबाग म्हणजे आधी रस्ता आठवतो, मग सरकारी कचेरी. महाराजांचा तो महाल पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याकडे गेला, हल्ली तिथे जीएसटीची कामं चालतात. लहानपणी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, की १९३०च्या दशकातल्या जगातल्या सर्वांत आधुनिक घरांपैकी हे एक होतं. बांधणारा एकार्ट मुथेसियस, बर्लिनचा. महाराज ऑक्सफर्डला शिकत होते तेव्हा दोघांची ओळख झाली. दोघेही विशीच्या आसपासचे. १९३०मध्ये काम सुरू झालं. दाराच्या मुठीपासून दिव्यापर्यंत वस्तू युरोपात घडवून बोटीने आल्या आणि मग माळव्याच्या उन्हात उतरल्या. वातानुकूलन होतं. रुलमानचं लेखनाचं टेबल, आयलीन ग्रेची आरामखुर्ची, दा सिल्व्हा ब्रुन्सचे गालिचे, प्युफोर्काची चांदीची भांडी. सोन्यो आणि आलिक्स या जोडगोळीने महाराज-महाराणींसाठी घडवलेले पलंग तर धातूचे आणि काचेचे होते. शिसम आणि सागवानावर वाढलेल्या मला काचेचा पलंग पचायला वेळ लागला.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती लाल खुर्च्यांच्या जोडीपुढे. मुथेसियसने त्या ग्रंथालयासाठी केल्या होत्या. रुंद, ठेंगण्या, पाठीच्या वरच्या कडेला दिवे खुर्चीतच बसवलेले, म्हणजे बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून उजेड थेट पुस्तकावर पडावा. दोन खुर्च्या, दोघांचा उजेड आपापला. एकाला झोप आली तरी दुसऱ्याचं पान अडत नाही. नवरा हळूच म्हणाला, “रात्री दोघं इथेच वाचत बसत असतील.” मी काही बोलले नाही. ज्याने ही खुर्ची मागवली त्याला संसार कळत होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

महाराणी संयोगिताबाई कागलच्या घाटग्यांच्या. कागल कोल्हापूरजवळचं, राजर्षी शाहूही मूळचे कागलच्याच घाटग्यांपैकी. लग्न १९२४चं, दोघंही अजून मुलंच. त्यानंतर दोनच वर्षांत सासर हादरलं. जानेवारी १९२५मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. त्या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले. १९२६मध्ये वडील तुकोजीराव तिसरे यांनी गादी सोडली आणि सतरा वर्षांच्या यशवंतरावांना ती मिळाली. पूर्ण अधिकार यायला १९३० उजाडलं. मधल्या वर्षांत या मुलावर किती डोळे रोखलेले असतील! रेसिडेंट, दिवाण, वर्तमानपत्रं, आप्त. घरात वडिलांची गोष्ट, बाहेर साम्राज्याची नजर. अशा नवरा-बायकोंना पॅरिस आणि फ्रान्सच्या समुद्रकाठचं कान हवंहवंसं वाटलं, याचं आश्चर्य वाटत नाही. कानमध्ये कुणी मुजरा करत नाही.

फ्रान्समध्येच मॅन रे त्यांच्या आयुष्यात आला. अमेरिकन छायाचित्रकार, पॅरिसमध्ये स्थिरावलेला, ज्याच्यासमोर त्या काळचे मोठे मोठे कलावंत बसले. त्याने काढलेले या दोघांचे फोटो प्रदर्शनात होते. सिंहासन नाही, तलवार नाही, शिरपेच नाही. दोघं एकमेकांना बिलगलेली, थट्टेत रंगलेली, तिच्या चेहऱ्यावर असं हसू की समोर कॅमेरा आहे हे ती विसरलेली वाटावी. हिंदुस्थानी संस्थानिकांचे मी पाहिलेले फोटो म्हणजे ताठ पाठी आणि गंभीर नजरा. राजा-राणी एकत्र असलेच तर एक खुर्चीवर, एक बाजूला. हे दोघं मात्र फक्त एकमेकांत गुंतलेले. पाहणारे आपण तिथे नाहीच. मला वाटतं, आपल्याकडच्या पहिल्या काही ‘जोडप्याच्या’ फोटोंत यांची गणना व्हायला हवी.

बर्नार बुते द मोन्व्हेल या चित्रकारानेही त्यांना रंगवलं. आधी १९२९मध्ये पाश्चात्त्य पोशाखात, महाराजांवर काळी केप. मग १९३४च्या सुमारास मराठा वेशात. चित्रं देखणी आहेत. तरी मला मॅन रे जवळचा. चित्रात दोघांना वेगवेगळ्या चौकटी मिळाल्या.

शिल्पकार ब्रांकुशीचं प्रकरण मला दुसऱ्या दिवशी कळलं, पॉम्पिदू केंद्रासमोर तेव्हा त्याचा स्टुडिओ जसाच्या तसा मांडून ठेवला होता तिथे. ‘अवकाशातला पक्षी’ नावाची त्याची शिल्पं जगप्रसिद्ध: पंख नाहीत, चोच नाही, वर निघालेली एक सळसळती रेषा. ‘ज्यूल ए जिम’ ही कादंबरी लिहिणारा आंरी-पिएर रोशे मध्यस्थ झाला आणि यशवंतरावांनी आधी ब्राँझचा पक्षी घेतला, मग काळ्या आणि पांढऱ्या संगमरवरातले दोन मागवले. इंदुरात एक छोटंसं ध्यानमंदिर बांधायचं, मध्ये पाणी, आणि हे पक्षी तिथे ठेवायचे, असा विचार होता. देव नसलेलं, पूजा नसलेलं मंदिर, १९३०च्या दशकात, आमच्या इंदुरात. बांधलं गेलं असतं तर आज पृथ्वीच्या चारी कोपऱ्यांतून माणसं सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या आधी तिथे गेली असती.

१९३३मध्ये पॅरिसलाच त्यांची मुलगी उषाराजे जन्मली. १९३७च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताबाई गेल्या. पंचविशीही गाठली नव्हती. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी खरोखरच इंदूरला येऊन गेला. मंदिर झालं नाही. महाराजांनी पुढे दोनदा लग्न केलं, दोन्ही वेळा अमेरिकन स्त्रियांशी. १९४८मध्ये इंदूर मध्य भारतात विलीन झालं, ते उपराजप्रमुख झाले, १९६१मध्ये मुंबईत वारले. १९८०मध्ये माणिकबागेतल्या वस्तूंचा मोनॅकोत लिलाव झाला. संगमरवराचे दोन्ही पक्षी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियात पासाडेनाला.

हे मी स्टुडिओबाहेरच्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर वाचलं आणि डोळे भरून आले. नवऱ्याने विचारलं, “काय झालं?” सांगता येईना. आपल्या गावातून काय काय गेलं हे परक्या गावात कळावं, आणि ते कळताना ज्याच्याशी संसार केला तो शेजारी असावा, यापेक्षा मोठी गोष्ट मी सहलीत मागितली नसती. संध्याकाळी आम्ही आयफेल टॉवरला जायचं रद्द केलं. कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात कांद्याचं सूप मागवलं. त्यांच्याकडे त्यात पाव बुडवून वर चीज वितळवतात. इंदुरी जिभेला ते जरा अळणी लागतं, पण थंडीत बरं वाटलं. आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही घराच्या हप्त्यांशिवाय दुसऱ्या कशाबद्दल तासभर बोललो.

इंदूरच्या नकाशात होळकरांच्या लेकी-सुना ठिकठिकाणी आहेत, हे मला फार लोभस वाटतं. स्नेहलतागंज आणि मनोरमागंज ही तुकोजीरावांच्या कन्यांची नावं. राजांनी शहरावर आपली नावं कोरली हे जगभर दिसतं. मुलींच्या नावांनी पेठा वसवल्या हे विरळाच. माझा पत्ता लिहिताना मी एका राजकन्येचं नाव लिहिते. आणि छावणीच्या बाजूला संयोगितागंज आहे. धान्याची मंडी, पोलीस ठाणं, ट्रक, हमाल, दिवसभर गजबज. शहरातला अर्धाअधिक माणूस त्या पाटीखालून जातो.

त्या नावाची तरुण मुलगी मॅन रेच्या कॅमेऱ्यासमोर नवऱ्याच्या मिठीत हसली होती, हे मी आता भेटेल त्याला सांगते. तुम्हीही इंदूरला याल तेव्हा जोडीनं या, संयोगितागंजावरून जाताना सोबतच्या माणसाला तिची गोष्ट सांगा. सांगणारी माणसं आता इथे फार थोडी उरली आहेत.