आष्ट्याची हळद आणि माझं कोपर

नोव्हेंबरातला शनिवार. पहाटे पुण्याहून बाईक काढली. सातारा, कराड मागे टाकून पेठ नाक्याला सांगलीचा रस्ता पकडला की दोन्हीकडे ऊस, मध्येच हळदीची रुंद पानं. आष्टा आलंच म्हणेपर्यंत समोरून उसाची ट्रॉली, मी कडेला आणि बाईक आडवी! हेल्मेटनं डोकं वाचवलं, कोपर मात्र मस्त सोलवटलं.

मैत्रिणीच्या घरी पोचताच आज्जींनी हळदीचा डबा काढला. "आज्जी, थांब!" मैत्रिणीची धाकटी बहीण ओरडली. ती गावातच बी. फार्मसी करतेय. आष्ट्यात अण्णासाहेब डांगेंच्या नावानं आयुर्वेद आणि फार्मसी, दोन्ही कॉलेजं आहेत. "आधी साबण-पाणी. डब्यातली हळद काय निर्जंतुक असते?"

"आमच्या जखमा भरल्याच की हळदीनं!"

हे भांडण एकदा अमेरिकेतही गाजलंय. १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख. संस्थेनं १९९६ मध्ये आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांसह ३२ संदर्भ मांडले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आज्जी जिंकल्या! पण सिद्ध काय झालं? हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, एवढंच. हळदीनं जखम किती लवकर भरते, हा प्रश्न वेगळा.

त्यासाठी लॅब. धाकटीनं चहा पिता पिता सगळं समजावलं. हळद असो की बांधावरचा दगडीपाला, भुकटी अल्कोहोलमध्ये मुरवायची, गाळून अर्क आटवायचा, मोजून मलमात घालायचा. मग नीतिविषयक समितीच्या परवानगीनं, भूल दिलेल्या उंदरांच्या पाठीवर सारख्या मापाची जखम. एका गटाला अर्काचं मलम, दुसऱ्याला नुसतं मलम, तिसऱ्याला बाजारातलं नेहमीचं औषध. दर काही दिवसांनी जखमेच्या कडा पारदर्शक कागदावर गिरवायच्या आणि क्षेत्रफळ मोजायचं.

"नुसतं मलम कशाला?" मी विचारलं.

"जखम आपोआपही भरतेच ना! अर्कानं त्याहून जास्त काय केलं, ते नको कळायला?"

आज्जी गप्प. मीही.

धुणं, ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांवर माझं कोपर दहा दिवसांत भरलं. आज्जींना फोन केला, तर म्हणाल्या, "हळद लावली असतीस तर आठात भरलं असतं!"

बघा, प्रयोगाचा विषय तयार आहे. मोजायचं तेवढं बाकी!