पोच घेतली का?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच आहे, सांभाळून घ्या. पण ही गोष्ट घडलीच मराठीत, म्हणून इंग्रजी विभागाला दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पाथरीला घरी गेलो होतो. काकांच्या पिंकीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, लाईट जाते-येते, आणि 'कम्प्युटर इंजिनिअर' म्हणून अख्ख्या घराची नजर माझ्यावर! उत्पन्नाच्या दाखल्याचा मोबाईलवर काढलेला फोटो 4 एमबीचा. फॉर्मला हवा 256 केबीच्या आत. मी सर्च केलं, पहिली दिसली ती साईट उघडली आणि फोटो, आधार, दाखला, सगळं टाकून दिलं. दहा सेकंदांत काम फत्ते!

काका मागेच उभे होते.

"आपले कागद कुठं गेले रे?"

"सर्व्हरवर."

"कुणाच्या?"

मी गप्प.

"तहसिलात साधा अर्ज दिला तरी मी पोच घेतो बाबा. तू घेतली का?"

तीन वर्षं इंजिनिअरिंग करून हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्यात दाखला उघडून पाहिला तर 40 केबीचा झालेला, आणि दाखल्याच्या नंबरात 3 आहे की 8, तेच कळेना. तेवढ्यावरून फॉर्म बाद झाला असता तर?

मग शांतपणे शोधलं. गुगलच्या क्रोमवाल्यांनी 2018 मध्ये काढलेलं 'स्क्वूश' मिळालं. त्यात फोटो आपल्याच ब्राउझरमध्ये लहान होतो, बाहेर जात नाही. काकांची खात्री पटावी म्हणून पान उघडल्यावर नेट बंद केलं. तरी काम चाललं! आधी फोटोची रुंदी 4000 पिक्सेलवरून 1400 वर आणली, मग क्वालिटी थोडी थोडी उतरवत गेलो. 200 केबीत नंबर स्वच्छ वाचता आला.

गंमत म्हणजे, जेपेग ज्या गणितावर चालतं तो डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म 1974 मध्ये मांडणाऱ्यांत बंगळूरात जन्मलेले नासिर अहमद होते. फोटोचे 8×8 पिक्सेलचे तुकडे करायचे आणि डोळ्याला फारसं जाणवत नाही ते बारकावे टाकायचे. एम-थ्रीच्या फुरियरला शिव्या देताना हे कुठे माहीत होतं! पण टाकलेलं परत येत नाही, म्हणून मूळ फोटो जपून ठेवायचाच.

फॉर्म गेला. अर्जाचा नंबर काकांनी वहीत लिहून घेतला. पहिल्या साईटवर गेलेलं आधार मात्र मला परत आणता आलं नाही.

आता होस्टेलवर कुणी विचारलं, "फोटो लहान करायला कुठली साईट चांगली?", की मी आधी विचारतो, "नेट बंद केल्यावर चालते का?"

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी